थंड डोकं आणि मेंदूतली तार

१. वालीवचा प्रश्न

१८ जून २०२४ च्या सकाळी वसई पूर्वेच्या चिंचपाडा भागात, कामावर निघालेल्या एका तरुणीवर भर रस्त्यात लोखंडी पान्याने घाव घालण्यात आले. तिचा जीव गेला. वालीव पोलिसांनी तिच्या पूर्वीच्या मित्राला अटक केली. आजूबाजूला माणसं होती, मोबाइल होते, आणि त्या मोबाइलमधली चित्रफीत त्याच दिवशी महाराष्ट्रभर फिरली. मग गोलानी नाक्यावरच्या टपरीपासून टीव्हीच्या पडद्यापर्यंत एकच वाक्य ऐकू यायला लागलं: ‘सायकोच असणार हा. मेंदूतच काहीतरी बिघाड असणार, त्याशिवाय असं कोण करतं?’

आरोपीचं काय करायचं ते न्यायालय ठरवेल. टीव्हीवर चार सेकंदांची चित्रफीत बघून माणसाचं निदान करण्याचा उद्योग आपल्याकडे जोरात चालतो. त्यात या पुस्तकाने भर घालायचं कारण नाही. त्या गर्दीतली माणसं का हलली नाहीत, हाही मोठा विषय आहे, पण तो वेगळा. आपण टपरीवरचा प्रश्न तेवढा उचलू. ज्याला जाणकार ‘सायकोपॅथ’ म्हणतात, त्याच्या मेंदूत खरंच काही वेगळं असतं का? असलं तर कुठे? आणि ते यंत्रात दिसतं का?

२. तीन वेगळी माणसं

आधी एक गुंता सोडवायला हवा. क्रूर गुन्हा दिसला की आपण तीन अगदी निराळ्या माणसांना एकाच पोत्यात कोंबतो.

पहिला संतापाने पेटलेला. नकार, मत्सर, अपमान यांनी डोकं फिरतं आणि हात उठतो. इथे भावना कमी पडलेली नसते. ती इतकी उसळलेली असते की विचार वाहून जातो. ही हिंसा कितीही भयानक असली तरी तेवढ्यावरून कुणी सायकोपॅथ ठरत नाही.

दुसरा भ्रमात जगणारा. याचं मुंबईतलं सर्वात गाजलेलं उदाहरण म्हणजे रमण राघव. साठच्या दशकात उपनगरांतल्या झोपड्यांत आणि पदपथांवर झोपलेल्या माणसांची डोकी ठेचणाऱ्या या माणसाला ऑगस्ट १९६८ मध्ये पकडलं गेलं. गुन्हे शाखेच्या तपासाची सूत्रं रमाकांत कुलकर्णींच्या हाती होती. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, पण उच्च न्यायालयाने तीन मानसोपचारतज्ज्ञांची समिती नेमली. जगं दोन आहेत, त्यातलं एक ‘कानून’चं, आपल्याविरुद्ध कट चालू आहेत, असं तो सांगत राहिला. तज्ज्ञांनी त्याला गंभीर आणि बरा न होणारा मनोरुग्ण ठरवलं. फाशीची जन्मठेप झाली आणि १९९५ मध्ये पुण्यात ससून रुग्णालयात तो वारला. सिनेमावाल्यांनी त्याला ‘सायको’ केलं, पण त्याचा आजार स्किझोफ्रेनियाच्या कुळातला होता. त्याचं जगाचं भानच सुटलेलं होतं.

तिसरा आपला विषय. याचं भान शाबूत असतं. कायदा काय, शिक्षा काय, समोरच्याला काय वाटतं, हे त्याला तुमच्याआमच्याइतकं ठाऊक असतं. फक्त त्या ठाऊक असण्याचं त्याला वजन नसतं. गोड बोलून केसाने गळा कापणारा, पकडला गेला तर डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोलणारा, आणि रात्री गाढ झोपणारा. कॅनडात २००२ साली वुडवर्थ आणि पोर्टर यांनी १२५ खुन्यांच्या फाइली तपासल्या. सायकोपॅथ गटाच्या खुनांपैकी सुमारे ९३ टक्के खून काहीतरी मिळवण्यासाठी, थंड डोक्याने झालेले होते. इतर खुन्यांमध्ये हे प्रमाण ४८ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे ‘इतका चवताळला होता, सायकोच असणार’ हा टपरीवरचा तर्क बहुतेक वेळा उलटाच पडतो.

आणखी एक. हे सगळे खुनी नसतात. बरेचसे कुणाच्या अंगाला हातही लावत नाहीत; ते भागीदाराला बुडवतात, बायकोला पिळतात, चिट फंड काढून गाव बदलतात.

३. गुण की खूण?

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ हर्वे क्लेक्ली यांनी १९४१ मध्ये या माणसांवर मोठं पुस्तक लिहिलं. त्यांच्या रुग्णांचं त्यांना बुचकळ्यात पाडणारं वैशिष्ट्य असं की बोलताना ती माणसं इतरांहूनही जास्त शहाणी वाटत. पुढे कॅनडातल्या रॉबर्ट हेअर यांनी तुरुंगातल्या कैद्यांसाठी एक मोजपट्टी केली. तिच्यात वीस मुद्दे आहेत: वरवरची छाप पाडणं, सराईत खोटं, पश्चात्ताप नसणं, दुसऱ्याच्या दुःखाशी देणंघेणं नसणं, उतावळेपणा, बेजबाबदारपणा, लहानपणापासूनची दांडगाई वगैरे. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. एकूण चाळीस. उत्तर अमेरिकेत तीस आणि त्यावर गुण मिळाले की ‘सायकोपॅथ’ म्हणतात. युरोपात पुष्कळ ठिकाणी पंचविसावरच रेघ मारतात.

तीसच का, असं विचाराल तर त्याला मेंदूतलं कारण काही नाही. एकोणतीस आणि तीस यांच्यामध्ये मेंदूत कुठे कुंपण सापडलेलं नाही. हे गुणधर्म उंचीसारखे कमीजास्त प्रमाणात सगळ्यांत असतात. पट्टीच्या वरच्या टोकाला फार थोडे. सर्वसाधारण समाजात शंभरात एखादा किंवा त्याहून कमी, आणि उत्तर अमेरिकेच्या तुरुंगांत शंभरात पंधरा ते पंचवीस असा अंदाज दिला जातो.

शिवाय सारख्या गुणांची माणसं सारखी नसतात. समजा, दोन कैद्यांना वीस-वीस गुण मिळाले. पहिल्याने चौदा गुण थंडपणा आणि लबाडीवर मिळवले, सहा उतावळेपणा आणि गुन्ह्यांवर. दुसऱ्याने चार थंडपणावर आणि सोळा उतावळेपणावर. कागदावर बरोबरी. पण पहिला बँकेचा मॅनेजर शोभेल आणि दुसरा आठवड्यातून दोनदा ठाण्यात बसलेला दिसेल. मेंदूतल्या जोडण्या मोजणाऱ्यांना हा फरक नंतर चांगलाच नडला, कारण या दोघांचे मेंदूही सारखे निघत नाहीत.

वैद्यकीय निदानांच्या अमेरिकी यादीत ‘सायकोपॅथी’ असं स्वतंत्र निदान नाही. तिथे ‘समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकार’ आहे, आणि तो मुख्यतः वागण्यावर बेतलेला आहे. त्यामुळे पुढे सांगितलेले सायकोपॅथांवरचे बहुतेक अभ्यास हेअरच्या किंवा तसल्याच पट्टीवर उभे आहेत, हे ध्यानात असू द्या.

४. दोन भाग, आणि दोघेही निर्दोष

मेंदूत भीती, धोका, दुसऱ्याचा कळवळा यांच्याशी संबंधित ठिकाणं पुष्कळ. त्यातल्या दोघांवर संशोधकांची नजर पहिल्यापासून होती.

एक अमिग्डाला. कानशिलांच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना एकेक, बदामाएवढा गोळा. घाबरलेला चेहरा दिसला, कुणी किंचाळलं, चटका बसला की हा जागा होतो आणि ‘इथे काहीतरी महत्त्वाचं आहे’ असा इशारा देतो. दुसरा कपाळामागे, डोळ्यांच्या खोबणीच्या वरचा मेंदूचा पृष्ठभाग. पर्यायांचं मोल ठरवणं, ‘हे केलं तर मागाहून कसं वाटेल’ याचा ताळा घेणं, हे याचं काम. आपण त्याला कपाळामागचा भाग म्हणू; पूर्ण नाव लांबलचक आहे आणि त्याने आपलं काही अडत नाही.

साहजिक पहिला विचार असा आला की सायकोपॅथचा यातला एक भाग निकामी असणार. पण मग ज्यांचा तो भाग आजाराने किंवा अपघाताने खरोखरच गेला आहे, ती माणसं सायकोपॅथ व्हायला हवीत. होतात का?

‘एस. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका अमेरिकी बाईंचे दोन्ही अमिग्डाला एका दुर्मीळ आजाराने नष्ट झाले. घाबरलेला चेहरा त्यांना ओळखता येत नाही. संशोधकांनी साप हातात दिले, भुताटकीच्या वाड्यात फिरवलं. बाईंना भीती वाटली नाही, उलट कुतूहल वाटलं. मात्र त्या लबाड नाहीत, निर्दय नाहीत. त्यांनी मुलं वाढवली.

दुसऱ्या बाजूला फिनिअस गेज. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेच्या व्हर्माँट राज्यात रेल्वेसाठी सुरुंग ठासताना साडेतीन फुटांची लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून टाळूतून बाहेर पडली. तो जगला, पण शिवराळ आणि लहरी झाला, असं त्याच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं. विसाव्या शतकात दामासिओ दांपत्याने अशाच जागी इजा झालेली माणसं तपासली. बुद्धी जशीच्या तशी, बोलणं ठीक, पण साधा निर्णय घेता येईना. धंदा बुडाला, संसार मोडले. तरीही दुसऱ्याची शिकार करणारा तो थंड हिशेबीपणा त्यांच्यात दिसला नाही.

एकट्या अमिग्डालावर आळ घ्यावा तर एस. एम. बाई आडव्या येतात, एकट्या कपाळामागच्या भागावर घ्यावा तर दामासिओंचे रुग्ण. उरतं काय? दोघांच्या मधला रस्ता.

५. मधली तार

वालीव, सातिवली, गोखिवरे इथल्या गाळ्यांत ज्यांनी पॉवर प्रेस पाहिली आहे त्यांना हे चटकन कळेल. चांगल्या प्रेसला पुढच्या बाजूला सेन्सर बसवलेला असतो. पत्रा सरकवताना कामगाराचा हात डायखाली राहिला तर सेन्सर ते पकडतो, तारेतून पॅनलला कळवतो, पॅनल प्रेस अडवतं. आता समजा सेन्सर ठीक आहे, पॅनलही ठीक आहे, पण मधली तार सैल आहे. सेन्सरचा दिवा लागतो आणि प्रेस खाली येतेच. मालक सेन्सर बदलतो, मग पॅनल बदलतो, आणि बोटं जातच राहतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. फिटरला विचारा, तो आधी तारेला हात लावतो.

मेंदूतली ती तार म्हणजे मज्जातंतूंचा एक जुडगा. कानशिलाच्या भागातून निघून आकड्यासारखा वळसा घेत तो कपाळामागच्या भागात जातो. त्याचं वैद्यकीय नाव ‘अनसिनेट फॅसिक्युलस’. मेंदूतल्या मोठ्या जुडग्यांपैकी हा फार उशिरा पक्का होणाऱ्यांतला. पोरगं शाळा-कॉलेज संपवून नोकरीला लागलं, तिशीला आलं, तरी याची बांधणी चालूच असते.

जिवंत माणसाच्या डोक्यातली ही तार बघायची कशी? एमआरआयची एक तऱ्हा आहे, ती पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजते. मेंदूत सगळीकडे पाणी आहे. मोकळ्या जागेत पाण्याचे रेणू चहूकडे पसरतात. तंतूंच्या जुडग्यात मात्र त्यांना तंतूंच्या लांबीच्या दिशेने जाणं सोपं, आडवं जाणं कठीण. पाणी किती एकाच दिशेने धावतंय याला शून्य ते एक असा आकडा देता येतो. आकडा एकाच्या जितका जवळ, तितके तंतू नीट एका दिशेने, घट्ट लागलेले.

२००९ मध्ये लंडनमध्ये मायकेल क्रेग, मार्को कतानी, डेक्लन मर्फी आणि सहकाऱ्यांनी हा आकडा नऊ सायकोपॅथ गुन्हेगार आणि नऊ सामान्य माणसांमध्ये ताडून पाहिला. गुन्हे साधे नव्हते. खुनाचा प्रयत्न आणि बलात्कार त्यांत होते. उजव्या बाजूच्या आकडेदार जुडग्याचा आकडा गुन्हेगारांत कमी निघाला. शेजारच्या, या कामाशी संबंध नसलेल्या जुडग्यांत फरक नव्हता. नऊ आणि नऊ ही संख्या तुटपुंजी, हे त्यांनाही माहीत होतं.

दोन वर्षांनी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या तुरुंगातून पुढचा पुरावा आला. कैद्यांना इस्पितळात नेणं जिकिरीचं, म्हणून केंट कील या संशोधकाने एमआरआय यंत्रच ट्रेलरवर बसवून तुरुंगाच्या आवारात नेलं होतं. मोत्झकिन, न्यूमन, कील आणि कोनिग्ज यांनी कैद्यांची तुलना कैद्यांशीच केली: पट्टीवर वरचे आणि खालचे. हा शहाणपणा महत्त्वाचा होता, कारण तुरुंगातलं जिणं, दारू, नशा, मारामाऱ्यांत डोक्याला लागलेले मार, हे दोन्ही गटांत होतंच. इथेही उजवा आकडेदार जुडगा पट्टीवर वरच्या कैद्यांत विरळ दिसला.

६. स्वस्थ पडलेल्या मेंदूची बडबड

तार शाबूत आहे का, हा एक प्रश्न. तिच्यातून निरोप जातो का, हा दुसरा. मुंबईहून वसईला जाणारा महामार्ग नकाशात रुंद दिसतो; त्यावरून गाड्या किती पुढे सरकतात हे वेगळंच मोजावं लागतं.

हे मोजण्याची युक्ती १९९५ मध्ये भरत बिस्वाल या तेव्हा विद्यार्थी असलेल्या भारतीय वंशाच्या संशोधकाने विस्कॉन्सिनमध्येच दाखवली. बोटं हलवताना मेंदूचे डावे-उजवे दोन भाग काम करतात, हे माहीत होतं. बिस्वालने माणसाला काहीही न करता पडून राहायला सांगितलं आणि त्याच दोन भागांतला रक्तातल्या प्राणवायूचा चढउतार नोंदवला. काम नसतानाही दोघे एका लयीत वरखाली होत होते.

एक छोटं उदाहरण करून पाहू. भाग ‘अ’ चे दर दोन सेकंदांचे आकडे समजा असे: ५, ७, ६, ९, ८. भाग ‘ब’ चे: १५, १७, १६, १९, १८. ‘अ’ चढला की ‘ब’ चढतो, उतरला की उतरतो. हे दोघे जोडलेले, त्यांचा संबंध एक. भाग ‘क’ चे आकडे १६, १५, १९, १७, १५ असे असतील तर त्याचा ‘अ’ शी ताळमेळ जवळजवळ नाही. संबंध शून्याच्या आसपास. यंत्र हेच गणित मेंदूच्या हजारो ठिपक्यांसाठी करतं. संशोधक ‘जोडणी कमी आहे’ म्हणतात तेव्हा त्यांच्या हातात तुटलेली वायर नसते, असा घसरलेला आकडा असतो.

विस्कॉन्सिनच्या त्याच अभ्यासात कैद्यांना यंत्रात नुसतं पडून राहायला सांगितलं होतं. पट्टीवर वरच्या कैद्यांत अमिग्डाला आणि कपाळामागचा भाग यांची लय इतरांपेक्षा कमी जुळत होती. पाण्याच्या मोजणीतून आणि लयीच्या मोजणीतून, दोन स्वतंत्र वाटांनी, एकाच जागेकडे बोट गेलं. या विषयातला मला पटणारा सर्वात बळकट पुरावा तो हाच.

पण गोष्ट भीतीच्या तारेवर संपत नाही. २०१७ मध्ये हॉस्किंग, बकहोल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी ४९ कैद्यांना सोपा पेच घातला: थोडे पैसे आत्ता घ्याल, की जास्त पैसे काही दिवसांनी? मेंदूत खोलवर एक हवं-हवंसं वाटण्याचं केंद्र आहे. हेअरच्या पट्टीवर जास्त गुण असलेल्यांत ‘आत्ता’च्या पैशांना ते जास्त उसळत होतं, आणि कपाळामागच्या भागाशी त्याची जोडणी सैल होती. ती जितकी सैल, तितकी त्या कैद्याच्या नावावर शिक्षा झालेल्या गुन्ह्यांची संख्या जास्त. म्हणजे एक तार धोका सांगणारी आणि एक हाव आवरणारी. दुसरी सैल असलेली माणसं आपल्या ओळखीत निघतीलच; त्यातली बहुतेक उधारीत बुडतात आणि तिथेच थांबतात.

७. निरोप पोचतो, पण मागवला तर

इथवर वाचून ‘तार तुटली, माणूस गेला’ असं वाटणं स्वाभाविक आहे. पुरावा तसं सांगत नाही, आणि माझ्या मते या विषयातला सर्वात रंजक भाग इथेच आहे.

१९५७ मध्ये डेव्हिड लिकेन यांनी दाखवलं की चुकलं की विजेचा झटका बसतो हे माहीत असूनही सायकोपॅथ ती चूक टाळायला शिकत नाहीत. शिक्षेची आठवण अंगावर काटाच आणत नाही. मग १९७० मध्ये फ्रँक श्माउक यांनी शिक्षा बदलून पाहिली: झटका, नापसंतीचे शब्द, किंवा हातातले पैसे जाणं. झटक्याला आणि टोमण्याला दाद न देणारे पठ्ठे पैसे जायला लागल्यावर इतरांइतकेच झटपट शिकले! शिकण्याचं यंत्र जागेवर होतं. त्यांच्या लेखी महत्त्वाचं काय, एवढाच फरक.

जोसेफ न्यूमन यांनी आयुष्यभर हाच धागा ओढला. त्यांचं म्हणणं, या माणसांचं लक्ष एकदा लक्ष्यावर खिळलं की बाजूने येणारा इशारा त्यात शिरत नाही. २०१० च्या त्यांच्या प्रयोगात कैद्यांना धोक्याच्या खुणेकडेच लक्ष द्यायला सांगितलं, तेव्हा त्यांची दचक इतरांसारखीच होती. दुसऱ्या गोष्टीकडे बघायला सांगितलं की दचक मावळली.

२०१३ चा नेदरलँड्समधला प्रयोग तर मुद्दाम सांगावा असा. क्रिस्टियान कायझर्स आणि हार्मा मेफर्ट यांच्या चमूने १८ सायकोपॅथ गुन्हेगारांना पहाऱ्यात ग्रोनिंगेनला आणून यंत्रात झोपवलं. पडद्यावर फक्त हात दिसत: एक हात दुसऱ्याला कुरवाळतो, एक हात दुसऱ्याला झिडकारतो, एक हात दुसऱ्याच्या बोटांवर फटका मारतो. सामान्य माणसाने दुसऱ्याच्या बोटांवर फटका बसताना पाहिला की त्याच्या मेंदूतले स्वतःच्या वेदनेचे भागही थोडे उजळतात. गुन्हेगारांत हा उजेड मंद होता. नंतर तीच चित्रफीत पुन्हा दाखवली, पण आधी सांगितलं, ‘त्या माणसाला काय वाटत असेल ते स्वतःला जाणवू द्या.’ फरक बराचसा मिटला.

म्हणजे कळवळ्याची क्षमता होती, ती आपसूक सुरू होत नव्हती. गोड बोलून सावज पटवताना समोरच्याच्या मनातलं नेमकं ओळखणारा माणूस त्याच सावजाच्या रडण्यापुढे दगड कसा होतो, याचा निदान एक धागा इथे हाती लागतो. सावज पटवताना तो निरोप मागवत असतो, रडण्याच्या वेळी मागवायची गरज त्याला वाटत नाही.

८. एका फोटोत किती मावतं

आता टपरीवरचा शेवटचा सवाल: मग स्कॅन करून आधीच ओळखा ना!

कॅलिफोर्नियातले मेंदूवैज्ञानिक जेम्स फॅलन यांची गोष्ट यावर बेतलेली आहे. खुन्यांचे स्कॅन बघता बघता त्यांच्या टेबलावर दुसऱ्या एका अभ्यासासाठी काढलेले घरच्यांचे स्कॅनही होते. त्यातला एक हुबेहूब सायकोपॅथसारखा: भावनांशी जोडलेला सगळा पट्टा मंद. नाव पाहिलं तर स्वतःचं. फॅलन यांनी कुणाला मारलेलं नव्हतं. नोकरी, संसार, मान सगळं ठीक. २०१३ मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. घरच्यांना मात्र त्या निकालाचं फारसं नवल वाटलं नाही, हेही त्यांनीच सांगितलं आहे.

सरासरी दोन गटांची असते. एका माणसाचा आकडा दुसऱ्या गटात सहज बसतो. महाराष्ट्रातल्या पुरुषांची सरासरी उंची बायकांहून जास्त, तरी पाच फूट पाच इंच म्हटल्यावर समोर कोण आहे हे सांगता येत नाही.

हिशेब करून बघू. समजा, असं यंत्र निघालं जे शंभरातल्या ऐंशी वेळा बरोबर सांगतं. वसई पूर्वेच्या गाळ्यांतल्या १०,००० कामगारांना त्यातून काढलं. शंभरात एक या अंदाजाने खरे सायकोपॅथ १००. त्यातले ८० यंत्र पकडेल. उरलेल्या ९,९०० भल्या माणसांपैकी वीस टक्के, म्हणजे १,९८० जणांवरही ते बोट ठेवेल. एकूण संशयित २,०६०, त्यात खरे ८०. शंभर जणांना कामावरून काढलंत तर त्यातले शहाण्णव निर्दोष.

त्यात या क्षेत्राचं स्वतःचं दुखणं वेगळं. नमुने लहान, आणि फरक निघाला तर छापायचा, नाही निघाला तर मागे टाकायचा, ही खोड. यार्को यालावा आणि स्टेफनी ग्रिफिथ्स यांनी २०२१ मध्ये मेंदूच्या रचनेवरच्या निष्कर्षांची झाडाझडती घेतली. मूळ अभ्यासांतल्या निम्म्याहून जास्त तुलनांत काहीच फरक निघालेला नव्हता, पण आढावा घेणाऱ्या लेखांत ती गोष्ट क्वचितच पोचली होती. यंत्राच्या भोळेपणाचा नमुना हवा असेल तर २००९ मधला मेलेला सामन मासा आठवावा. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी तो बाजारातून आणून एमआरआयमध्ये ठेवला, त्याला माणसांचे भावुक फोटो दाखवले, आणि गणितातली एक काळजी मुद्दाम घेतली नाही; माशाच्या मेंदूत ‘हालचाल’ दिसली. त्याबद्दल त्यांना २०१२ चं इग नोबेल मिळालं.

९. न्यायालयात मेंदू

आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने विषप्रयोगाच्या एका खटल्यात जन्मठेप देताना, आरोपीच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून केलेल्या चाचणीचा आधार घेतला. वाक्यं ऐकवायची आणि मेंदूत ‘स्वतः अनुभवल्याची’ आठवण जागी होते का ते बघायचं, अशी ती चाचणी होती. सायकोपॅथीशी तिचा संबंध नव्हता, पण मेंदूतल्या लहरींवर न्यायालय विसंबल्याची बातमी जगभर झाली. पुढे उच्च न्यायालयाने आरोपीला जामीन दिला. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात ठरवलं की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची अशी चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही.

दुसरा पेच शिक्षेचा. भारतीय न्याय संहितेचं कलम २२, म्हणजे जुन्या दंडसंहितेचं ८४, एवढंच विचारतं: मनोविकारामुळे आपण काय करतोय, किंवा ते चुकीचं आहे, हे कळण्याची क्षमताच नव्हती का? रमण राघवच्या मनःस्थितीचा प्रश्न या कलमाच्या वाटेवरचा होता. सायकोपॅथ या दारातून आत येऊ शकत नाही, कारण कळणं हे त्याचं शाबूत अंग आहे.

मग सैल तार दाखवून शिक्षा कमी व्हावी की वाढावी? २००९ मध्ये इलिनॉय राज्यात ब्रायन डुगन या खुन्यासाठी केंट कील यांनी ज्युरीपुढे मेंदूचा पुरावा मांडला. ज्युरीने तरीही मृत्युदंड दिला. २०११ मध्ये राज्याने ती शिक्षाच रद्द केली म्हणून तो वाचला. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या १८१ न्यायाधीशांना एका काल्पनिक सायकोपॅथ गुन्हेगाराची फाइल देण्यात आली. काहींच्या फाइलमध्ये मेंदूतलं कारणही समजावलेलं होतं, काहींच्या नव्हतं. कारण वाचलेल्यांनी सरासरी १२.८३ वर्षं दिली, न वाचलेल्यांनी १३.९३. जेमतेम एका वर्षाचा फरक. आणि बऱ्याच न्यायाधीशांनी त्याच पुराव्यात ‘हा सुधारणार नाही’ हेही वाचलं.

भारतात मे २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालापासून, फाशीचा विचार होत असेल तर कैद्याच्या मानसिक तपासणीचा अहवाल सरकारने न्यायालयापुढे ठेवायचा आहे. बालपण कसं गेलं, घरात मारहाण होती का, शिक्षण किती, आधीचा आजार कोणता, तुरुंगातली वागणूक कशी, हे सगळं त्यात अपेक्षित आहे. हेअर यांच्या वीस मुद्द्यांसाठीही हेच लागतं: प्रदीर्घ मुलाखत, आणि कैद्याने सांगितलेलं ताडून पाहायला त्याची जुनी कागदपत्रं. एमआरआय त्यात कुठे लागत नाही.